सोळाची नळी, बाराचा जोड

आमची केळीची बाग यावल तालुक्यात. मी नववीत असताना ठिबकच्या नळ्या जोडायला जॉइनर हवे होते म्हणून आप्पांनी मला जळगावला पाठवलं. मी ऐटीत पन्नास नग घेऊन आलो. सगळे बारा एमएमचे निघाले, आणि शेतातली नळी होती सोळाची. आप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "माल चांगला आहे, नळीही चांगली आहे. निघताना तू नळी मोजली नाहीस, एवढंच."

हे वाक्य मला २०१९च्या दिवाळीत पुन्हा आठवलं. मी जळगावात एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि बॅनर लावायचं काम करायचो. घरी स्वतःचा कॉम्प्युटर असला तर रात्री दोन कामं जास्त होतील, हा हिशोब. हातात होते अठ्ठावीस हजार. तयार डबा घेण्यापेक्षा एकेक पार्ट घेऊन आपणच असेंबल करू, असं ठरवलं. त्यानंतर आजवर घरच्यांचे आणि मित्रांचे मिळून सात-आठ कॉम्प्युटर जुळवले. त्यात मी केलेल्या चुकांचा हा हिशोब. पहिल्यांदा जुळवायला बसणाऱ्याचे निदान बसभाड्याचे पैसे तरी वाचावेत.

१. आधी काम लिहा, मग पार्ट

"कोणता प्रोसेसर चांगला?" या प्रश्नाला उत्तर नाही. "माझ्या कामाला कोणता?" याला आहे. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: कोरल, फोटोशॉप, पीडीएफ, अधूनमधून हळदीचा व्हिडिओ जोडणं, गेम नाही. या यादीनेच वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचले. पत्रिकेच्या कामाला भरपूर रॅम आणि चपळ एसएसडी लागते, चित्र दाखवायला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. म्हणून रायझन ३ ३२००जी घेतला. चार कोर, आणि पोटातच ग्राफिक्स. भाव तेव्हा आठ हजारांच्या आत होता.

आता पोरं मला विचारायला येतात तेव्हा मी आधी हेच विचारतो. निम्म्यांचं उत्तर असतं, "सगळंच करायचंय." सगळंच करायचं असेल तर अठ्ठावीस हजार पुरत नाहीत. दोन कामं निवडा.

२. सॉकेट जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही

माझी सर्वांत मोठी चूक ही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रोसेसर ऑनलाइन मागवला. मदरबोर्ड धुळ्यात मामांच्या ओळखीच्या दुकानात स्वस्त मिळत होता, दिवाळीआधी जुना माल काढायचा होता म्हणून. बोर्डावर बी४५० चिपसेट, सॉकेट एएम४. प्रोसेसरही एएम४चा. मी पिना बघितल्या, नाव बघितलं, खूश झालो. देवपूरला मामांकडे जेवलो आणि बोर्ड पिशवीत घालून एसटीने परत आलो. तेव्हा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम चालू होतं. पारोळा ते एरंडोल मी ती पिशवी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर धरली होती.

घरी सगळं जोडलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. आमच्याकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत, 'डिस्प्ले नाही'. तीन दिवस मी रॅम काढून पुसली, केबल बदलल्या, दुसऱ्याचा मॉनिटर आणला. चौथ्या दिवशी सगळा पसारा घेऊन गोलाणी मार्केटमध्ये गेलो. तिथल्या एका पोरानं बोर्डाचा रिकामा खोका हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि विचारलं, "भो, ३००० रेडीचं स्टिकर कुठं आहे?"

भानगड अशी होती. बी४५० बोर्ड बाजारात आले २०१८ मध्ये. माझा प्रोसेसर आला जुलै २०१९ मध्ये. बोर्डाच्या चिपमध्ये बायॉस नावाची जी मूळ सूचना भरलेली असते, ती जुन्या साठ्यातल्या बोर्डात जुनीच राहते. तिला नंतर जन्मलेला प्रोसेसर ओळखताच येत नाही. ज्या बोर्डात कारखान्यातच नवी बायॉस भरली होती, त्याच्या खोक्यावर 'रायझन ३००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर असायचं. माझ्या खोक्यावर नव्हतं. दुकानदारानं काही लपवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

त्या पोरानं आपल्याकडचा जुना २२००जी त्यावर बसवला, पेन ड्राइव्हवरून बायॉस नवी केली आणि मग माझा प्रोसेसर लावला. पडदा उजळला. तीनशे रुपये घेतले. बायॉस बदलत असताना मात्र त्यानं सगळं यूपीएसवर ठेवलं होतं, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

इंटेलच्या गाठीही याच जातीच्या आहेत. २०१५च्या सहाव्या पिढीचं सॉकेट ११५१ पिनांचं, २०१७च्या आठव्या पिढीचंही ११५१ पिनांचंच. तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर चालत नाही. त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो.

म्हणून नियम असा: बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची 'सीपीयू सपोर्ट' यादी असते. तिच्यात आपला प्रोसेसर शोधा. समोर बायॉसचा क्रमांक लिहिलेला असतो, तो वहीत उतरवा आणि दुकानदाराला विचारा, "या बोर्डात हीच किंवा हिच्या पुढची बायॉस आहे ना?" काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हने बायॉस बदलायचं बटण असतं. दोनपाचशे रुपये जास्त पडले तरी पहिल्यांदा जुळवणाऱ्यानं तसाच बोर्ड घ्यावा.

३. नावाच्या शेवटचं अक्षर वाचा

२०२३ मध्ये धुळ्याच्या मामेभावाला कॉम्प्युटर हवा होता. फोन उचलताच त्याचं नेहमीचं, "काय करी ऱ्हायना भो?" मी घाईत होतो. म्हणालो, "बाराव्या पिढीचा आय-थ्री घे, १२१००. डोळे झाकून घे." त्यानं खरंच डोळे झाकले आणि हजारभर रुपये स्वस्त म्हणून १२१००एफ घेतला.

इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद असतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही येत नाही. रायझनमध्ये त्या काळात उलट होतं. ५६००ला ग्राफिक्स नाही, ५६००जीला आहे. शेवटी त्याच्यासाठी जुनं छोटं कार्ड दोन हजारांत शोधलं. हजार वाचवायला गेलो आणि दोन हजार घालवून बसलो. चूक त्याची कमी, माझी जास्त. फोनवर पार्टचं नाव सांगू नये, लिहून पाठवावं.

४. रॅम: खाच बघा, जोडी बघा

डीडीआर३च्या पट्टीला २४० पिना, डीडीआर४ला २८८, डीडीआर५लाही २८८. पण प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. बाराव्या पिढीच्या इंटेलमध्ये आणखी एक खोच आहे. प्रोसेसर दोन्ही प्रकारच्या रॅमवर चालतो, पण काही बोर्ड डीडीआर४चे आहेत, काही डीडीआर५चे. म्हणजे रॅम प्रोसेसर बघून नाही, बोर्ड बघून घ्यायची.

माझ्या पहिल्या मशीनमध्ये आठ जीबीची एकच पट्टी होती. विंडोजमध्ये बघतो तर वापरायला फक्त ५.९. मी तावातावानं दुकानात भांडायला गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात आहे ना, मग ते खाणार कुणाच्या ताटातलं?" पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची रॅम नसते. ते आपल्यातलीच कापून घेतं. अशा मशीनला आठ जीबी अपुरी पडते. शिवाय सोळाच्या एका पट्टीपेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या चांगल्या, कारण दोन वाटांनी ये-जा होते आणि ग्राफिक्सला त्याचा सरळ फायदा मिळतो. पुढच्या महिन्यात दुसरी पट्टी घेतली तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसला.

चार जागा असलेल्या बोर्डावर दोन पट्ट्या कुठे लावायच्या, यात मामेभाऊ गोंधळला. धुळ्याच्या माणसाला मी धुळ्याच्याच भाषेत सांगितलं. तुमच्याकडे गल्ल्यांना नंबर असतात ना, तसे इथंही धर. प्रोसेसरकडून मोजत गल्ली नंबर दोन आणि गल्ली नंबर चार. बहुतेक बोर्डांवर हेच चालतं, तरी पुस्तिकेत एकदा बघून घ्यावं.

५. एम.२ हा आकार आहे, वेग नाही

च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी दिसली की लोक तिला 'एम.२' म्हणतात आणि वेगवान समजतात. त्या आकारात दोन जाती येतात. साटा जातीची सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते. एनव्हीएमई जातीची, पीसीआयई ३च्या चार वाटांवर, साडेतीन हजारांपर्यंत जाते. काही बोर्डांची जागा दोन्ही घेते, काहींची एकच. काही बोर्डांवर एम.२ची जागा भरली की साटाचं एखादं तोंड बंद पडतं. मग जुनी हार्ड डिस्क दिसेना म्हणून माणूस रडतो. हे सगळं पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलं असतं. पुस्तिका विकत घेण्याआधीच संकेतस्थळावरून उतरवता येते.

६. फुकट एसएमपीएस सगळ्यांत महाग पडतो

मी कॅबिनेट घेतलं बावीसशेला, आत एसएमपीएस 'फ्री'. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. वजन कमी पडलं म्हणून आणखी आनंद झाला होता, हे कबूल करतो.

आठव्या महिन्यात एका संध्याकाळी फट्ट आवाज आला आणि जळका वास सुटला. बोर्ड वाचला, पण जुनी हार्ड डिस्क सोबत गेली. तिच्यात दोन लग्नसराईंच्या पत्रिकांच्या फायली होत्या. आप्पा म्हणाले, "मोटरीवर पाच एचपी लिहिलं म्हणून विहिरीतून पाच एचपीचं पाणी पडतं का?"

माझं मशीन ग्राफिक्स कार्डाशिवाय कितीही राबलं तरी सव्वाशे वॉटच्या पुढे जात नव्हतं. म्हणजे अडचण वॉटची नव्हती, जातीची होती. चांगला एसएमपीएस व्होल्टेज वर-खाली झालं तरी आतला पुरवठा स्थिर ठेवतो, आणि गडबड झाली तर स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवतो. '८० प्लस'चा शिक्का बघावा, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, संरक्षणाची हमी देत नाही. म्हणून नाववाल्या कंपनीचा, तीन ते पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा. वायरीही मोजाव्यात: बोर्डाला २४ पिनांची, प्रोसेसरला चार किंवा आठ पिनांची वेगळी, आणि ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर त्याची सहा किंवा आठ पिनांची. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, एसएमपीएस नको.

७. भिंतीतलं तिसरं भोक

नवा एसएमपीएस लावल्यावरही कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मला वाटलं हाही गेला. वायरमननं फेज आणि अर्थिंगच्या भोकात टेस्ट लॅम्प लावला. तो पेटलाच नाही. पिन तीन होत्या, पण तिसरीच्या मागे तारच नव्हती.

एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे थोडा प्रवाह पत्र्यावर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आपल्या बोटात येतो. आमच्या घरामागं खड्डा घेऊन कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंग कोरडं पडतं, तेव्हा त्या खड्ड्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी ओतावं. हा कॉम्प्युटरचा पार्ट दुकानात मिळत नाही, पण बजेटच्या वहीत त्याची ओळ हवी.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, साधारण ३६० वॉट. माझ्यासारख्या मशीनला फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं मिळतात. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवायचा असेल तर त्यावरचं बटण 'यूपीएस मोड'ला असावं, नाहीतर लाइट जाताच मशीन पुन्हा सुरू होतं.

८. खान्देशात कूलर म्हणजे खिडकीतला

"कूलर बदलावा लागेल," असं मी घरी म्हणालो तर आई म्हणाली, "आत्ता कुठं नवा वाळा भरलाय." तिचंही बरोबर. पण या दोन कूलरांचं भांडण खरं आहे. मे महिन्यात जळगाव पंचेचाळीस अंशांवर जातं. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड तो कधीच करू शकत नाही. अशा गावात समोरून काच लावून बंद केलेलं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घेऊ नये. समोर जाळी हवी, पुढून हवा आत घेणारा एक आणि मागून बाहेर टाकणारा एक पंखा हवा. खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतातही डबा ठेवू नका. ओल आणि क्षाराचा पांढरा थर मी बोर्डावर बघितला आहे.

दुसरा शत्रू कापूस. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की हवेत तंतू उडतात आणि जाळीवर रजईसारखा थर बसतो. महिन्यातून एकदा जाळी झटकावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं.

मापं आधी जुळवा. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिलिमीटर चौरस, पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची किती चालते, हे कॅबिनेटच्या माहितीत असतं. टेप घेऊन बसा.

९. जुना मॉनिटर घेताना पाठ बघा

मी छापखान्यातला जुना मॉनिटर दोन हजारांत घेतला. त्याला फक्त व्हीजीए. नशिबानं माझ्या बोर्डावर व्हीजीए होतं. मामेभावाच्या कार्डावर नव्हतं, तिथं एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागला. आणि वेगळं कार्ड लावलंत तर केबल कार्डात खोचा, बोर्डात नको. 'डिस्प्ले नाही' म्हणून माझ्याकडे आलेल्या दोन मशीनांचा रोग एवढाच होता. तिसऱ्यात प्रोसेसरची वेगळी पॉवर वायर जोडायची राहिली होती.

१०. काय गावात घ्यावं, काय मागवावं

ऑनलाइन स्वस्त पडतं हे खरं. तरी बोर्ड आणि एसएमपीएस मी गावातच घेतो, चारशे-पाचशे जास्त देऊन. बिघडतात तेव्हा यांनाच माणूस लागतो. रॅम, एसएसडी, प्रोसेसर मागवायला हरकत नाही. कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर अठरा टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण वॉरंटीच्या वेळी पार्ट नाशिक-पुण्याला पाठवायची वेळ आली की ती चिठ्ठी कुणी वाचत नाही. खोके वर्षभर तरी टाकू नका. आणि सगळे पार्ट आठवड्याभरात घरी येतील असं बघा. मी दोन महिने एकेक घेत बसलो असतो, तर बोर्ड चालत नाही हे कळेपर्यंत परत करायची मुदत संपली असती.

आता शेवटचं. बाजारात निघण्याआधी एका कागदावर सात जोड्या लिहा: प्रोसेसर आणि बोर्ड, बोर्ड आणि बायॉस, बोर्ड आणि रॅम, बोर्ड आणि एसएसडी, एसएमपीएस आणि वायरी, कॅबिनेट आणि मापं, मॉनिटर आणि तोंड. प्रत्येक जोडीपुढे कुठं वाचून खात्री केली ते लिहा. एकही जागा रिकामी असेल तर त्या दिवशी पैसे घरी ठेवा.

माझा धुळ्याचा तो बोर्ड अजून चालू आहे. २०२३ मध्ये त्याच सॉकेटवर सहा कोरचा ५६००जी बसवला. त्या वेळी बायॉस आधी नवी केली.